वस्तुसंग्रहालयातील उमेदवारी

ज्याची कोनशिला १९०५ साली बसली, ज्याचा आराखडा जॉर्ज विटेट यांनी सिद्ध केला आणि जे १९२२ साली लोकांस खुले झाले, त्या मुंबईच्या वस्तुसंग्रहालयासारख्या संस्थेत उमेदवारी करू इच्छिणाऱ्या तरुणाने कलेच्या इतिहासाआधी हातांची शिस्त शिकावी. प्राचीन कलश कानाला धरून उचलू नये, कारण सांधा तेथेच दुबळा असतो. एक हात बुडाखाली, दुसरा अंगाला, असा तो उचलावा. वस्तूजवळ शाई नेऊ नये. टिपणे शिसपेन्सिलीने करावीत.

माझ्या मते सर्वांत मोलाचे शिक्षण दप्तरात मिळते. वस्तूच्या दर्शनी नसलेल्या भागावर पारदर्शक राळेचा पातळ थर द्यावयाचा, तो वाळल्यावर त्यावर दाखल क्रमांक लिहावयाचा व पुन्हा थर चढवावयाचा, म्हणजे शाई वस्तूत मुरत नाही आणि प्रसंगी क्रमांक निर्धोकपणे काढता येतो. हा क्रमांक व नोंदवहीतील नोंद यांची फारकत झाली, की मूर्ती आपले गाव, आपला दाता व आपला पूर्ववृत्तांत गमावून बसते. म्हणून वर्षानुवर्षे नोंदी राखणाऱ्या कारकुनाचा सहवास उमेदवाराने आवर्जून जोडावा.

तसाच संवर्धकाचाही. लघुचित्रांवरील प्रकाश साधारण ५० लक्सपलीकडे का जाऊ देत नाहीत, हे तो समजावील. आणि पावसाळ्यात कोणत्या कपाटाच्या मागील भिंतीस ओल येते, हे बहुधा जुना पहारेकरीच प्रथम सांगेल.