मुलांची अबोल चिंता : शिक्षकाने ती कशी ओळखावी?
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेतील भाषण)



वर्गात दंगा करणारे मूल शिक्षकाच्या नजरेतून सहसा सुटत नाही. रडणारे मूलही चटकन दिसते. परंतु जे मूल मुकाट्याने आपल्या जागी बसते, सांगितलेले काम करते आणि कोणालाही त्रास देत नाही, त्याच्या मनात काय चालले आहे याची विचारपूस क्वचितच होते. चिंता कित्येकदा अशाच मुलाच्या ठायी दडलेली असते. आठ-नऊ वर्षांच्या मुलापाशी ती सांगण्याजोगे शब्द नसतात. ते एवढेच म्हणते, "गुरुजी, पोट दुखतंय."

हे दुखणे बहुधा ढोंग नसते. शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात भयाच्या प्रसंगी शरीरात होणारे बदल वर्णिले आहेत. हृदयाचे ठोके वाढतात, रक्त स्नायूंकडे अधिक वाहते आणि पचनाचे काम मंदावते. तोंडाला कोरड पडते, तळहातांना घाम येतो. काळजीत असलेल्या मुलाचेही असेच होते. म्हणूनच ते वारंवार पाणी पिण्यास वा लघवीस जाऊ द्या म्हणते आणि शिक्षकास तो कामचुकारपणा वाटतो.

इतरही खुणा आहेत. लिहिलेली ओळ कागद फाटेपर्यंत खोडणे, उत्तर येत असूनही हात वर न करणे, "हे बरोबर आहे ना?" असे पुनःपुन्हा विचारणे, नखे कुरतडणे, क्षुल्लक कारणावरून चिडणे, या त्यांतील काही होत. हजेरीपटही पुष्कळ काही सांगतो. गैरहजेरी एकाच वारी पडत असेल, तर त्या दिवशी उभे राहून पाढे म्हणावयाचे असतात काय, हे पाहावे.

उदाहरणार्थ, चौथीतील एखादी मुलगी घ्यावी. अक्षर वळणदार, वागणे नेटके. दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडणीस गेले आणि ती धाकट्या भावासह आजीपाशी राहिली. तेव्हापासून ती रोज दुपारी विचारते, "बाई, शाळा कधी सुटणार?" अभ्यासाचा कंटाळा आला, असा बाईंचा समज होतो. वास्तविक आजी आजारी असते आणि घरी भावाकडे कोण पाहील, या विवंचनेत ती दिवसभर असते. एकदा मधल्या सुट्टीत बाई तिला जवळ बसवून घरची हकीकत विचारतात, तेव्हा प्रश्नामागील प्रश्न उलगडतो.

मात्र एका खुणेवरून निष्कर्ष काढू नये. दोन आठवडे दिनांकवार नोंद ठेवावी. प्रथम शारीरिक आजार नाही ना, याची खात्री आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून करून घ्यावी. मुलाशी एकांतात, सावकाश बोलावे, चारचौघांत "का घाबरतोस?" असे विचारल्यास ते अधिकच मिटते. पालकांना दोष न देता विश्वासात घ्यावे. ज्या गोष्टीची धास्ती आहे तीतून कायमची सूट देऊ नये, कारण त्याने धास्ती वाढते. पाठ प्रथम सोबत्यास, मग चार मुलांच्या गटात आणि शेवटी वर्गापुढे वाचावयास द्यावा. त्रास अनेक आठवडे टिकला आणि झोप, जेवण वा शाळा सुटू लागली, तर जिल्हा रुग्णालयातील तज्ज्ञांचा सल्ला घेण्यास पालकांना सुचवावे. ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे. रोगाचे नाव ठरविणे हे शिक्षकाचे काम नव्हे.

चिंता कित्येकदा शाळेतही निर्माण होते, हे मान्य केले पाहिजे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 ने शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळासही मनाई केली आहे. चुकलेल्या उत्तरावर वर्गाला हसू देणारा शिक्षक छडी न उगारताही मुलास दुखावतो.

आई-वडिलांखालोखाल मुलास रोज पाहणारी व्यक्ती म्हणजे शिक्षक. उद्या हजेरी घेताना नाव उच्चारल्यावर प्रत्येक शिक्षकाने क्षणभर मान वर करून त्या मुलाचा चेहरा पाहावा. या कामाचा आरंभ तेथूनच होतो.