मंद गतीची चौकशी

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने आपल्या देशात सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली, तेव्हा ती दूरध्वनीच्या तारेवरून, चित्रविचित्र किंकाळ्या देत, थेंबाथेंबाने घरात येत असे. पुढे २००४ च्या सरकारी धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगाला ‘ब्रॉडबँड’ हे भारदस्त नाव दिले. २०२३ साली ती किमान मर्यादा २ मेगाबिटांवर गेली. आज लखनौच्या इंदिरा नगरासारख्या वसाहतीत, जेथे माझे बिऱ्हाड आहे, १०० मेगाबिटांची जोडणी ही श्रीमंतीची खूण राहिलेली नाही. आणि तरीही संध्याकाळी फाटकापाशी चार माणसे जमली की तक्रार एकच ऐकू येते: फाइल उतरत नाही, चित्र मध्येच गोठते, कंपनी लुबाडते!

तक्रार खरी असते. आरोपी मात्र पुष्कळदा भलताच असतो. कंपन्यांच्या कळवळ्याने मी हे म्हणत नाही. पण दिरंगाईची चौकशी करणे हे आम्हा सरकारी नोकरांचे नित्यकर्मच आहे, आणि प्रकरण कोणत्या टेबलावर अडले आहे हे पाहिल्याखेरीज कोणाचा जबाब मागू नये, एवढे त्या कर्मातून कळते. दूरच्या संगणकातून निघालेली माहिती आपल्या पडद्यावर येईपर्यंत अशी अनेक टेबले ओलांडते. समुद्रातल्या केबली, कंपनीचे स्थानिक केंद्र, गल्लीतून आलेला काचतंतू, घरातला राउटर, त्याचे वाय-फाय आणि अखेरीस आपले यंत्र. यांपैकी कोणीही एक सुस्तावला की सारे प्रकरण सुस्तावते.

चौकशीच्या आरंभीच एक गैरसमज निकालात काढलेला बरा. कंपनी वेग सांगते तो मेगाबिटांत. संगणक फाइल उतरवताना दाखवतो तो बहुधा मेगाबाइटांत. आठ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० मेगाबिटांच्या जोडणीवर फार तर साडेबारा मेगाबाइट दिसायचे. तेथे ११ हा आकडा पाहून जो संतापतो, त्याला वस्तुतः पुरेपूर माल मिळालेला असतो!

आमचे एक शेजारी सेवानिवृत्त शिक्षक आहेत. त्यांची नात स्पर्धा परीक्षेची तयारी करते आणि तिचे पाठ ध्वनिचित्रफितींच्या रूपाने येतात. मागच्या खोलीत बसून ती ते उतरवून घेऊ लागली की एकेका पाठाला तास तास लागे. मुलगी रात्री जागून वाट पाही आणि सकाळी पेंगत अभ्यास करी. कोणी तरी सल्ला दिला, “मास्टरसाहब, दो सौ वाला प्लान ले लीजिए.” त्यांनी निवृत्तिवेतनातून जादा पैसे भरून तीन महिने २०० मेगाबिटांची जोडणी ठेवली. पाठ पूर्वीइतक्याच सावकाश उतरत राहिले.

मग एका रविवारी आम्ही रीतसर मोजमाप केले. घरातली इतर सर्व यंत्रे बंद ठेवून लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडला, तेव्हा वेग निघाला ९४. राउटरशेजारीच बसून वाय-फायवर मोजला, तो ४०. नातीच्या खोलीत गेलो, तर ९! या तीन आकड्यांत सारा निकाल होता. केबलवरचा ९४ हा आकडा जाणत्या माणसाशी लगेच बोलू लागतो: राउटरचे तोंडच १०० मेगाबिटांचे आहे, तेथे २०० ओतून काय उपयोग? (तोंड मोठे असूनही ९४ च निघाले, तर केबल तपासावी. तिच्यात तारांच्या चार जोड्या असतात. एक जरी तुटली तरी ती १००० वरून १०० वर उतरते, आणि बाहेरून काहीच दिसत नाही.) दुसरा दोष वाय-फायचा होता. दूरदर्शन संचाच्या मागे दडवलेला राउटर, मध्ये नऊ इंची विटांच्या दोन भिंती, आणि उन्हाळ्यामुळे वाटेत उभा असलेला पत्र्याचा कूलर. पत्रा रेडिओ लहरींना परतवून लावतो, आणि कूलरच्या पोटातले पाणी त्यांना शोषून घेते.

वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्याची तर गंमतच आहे. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणाऱ्या वाहिन्या अवघ्या तीन: १, ६ आणि ११. एका वाहिनीवर एका वेळी एकानेच बोलायचे; बाकीच्यांनी कान देऊन ऐकायचे, आणि शांतता झाली की मगच तोंड उघडायचे. हा सरळ सरळ आमच्या लखनौचा ‘पहले आप’चा शिष्टाचार झाला! त्या प्रसिद्ध गोष्टीतले दोन नवाब एकमेकांना आग्रह करता करता गाडी चुकले. येथे शेजारच्या वीस घरांचे राउटर तेच करीत असतात. भरीला स्वयंपाकघरातली मायक्रोवेव्ह भट्टी याच पट्ट्यात गोंगाट करते, आणि तिला शिष्टाचार ठाऊक नाही. ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वाहिन्या अधिक नि वेगही अधिक, पण भिंतीपुढे तो लवकर हात टेकतो. मास्तरांचा राउटर मधल्या बोळातल्या उंच फळीवर ठेवला, नातीचा लॅपटॉप ५ च्या पट्ट्यावर घेतला. तिच्या खोलीत वेग ७० च्या पुढे गेला. पुढल्या महिन्यात ते मुकाट्याने १०० वर परत आले.

आणखी एक घरभेदी सांगतो. माहितीचा प्रत्येक हप्ता पोचला की त्याची पोच पाठवावी लागते. पोच आली नाही तर पाठवणारा हात आखडता घेतो. लग्नाहून परतलेल्या कुटुंबाचे चार फोन एकदम शेकडो छायाचित्रे वर चढवू लागले, की बाहेर जाणारा मार्ग तुंबतो, पोच अडकते, आणि उतरणारी फाइलही रेंगाळते. आपण मात्र म्हणतो, डाउनलोड मंद झाले!

घराबाहेरचे दोष कमी आहेत असे नाही. काचतंतू जोरात वाकवला तर त्यातला प्रकाश वळणावर निसटतो. खिडकीच्या गजाला करकचून बांधलेली तार म्हणूनच सैल करावी. वाराणसीत २०१५ साली गंगेच्या घाटांवरच्या माकडांनी या तारा कुरतडल्याची बातमी गाजली होती. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ तांबड्या समुद्रातल्या केबली तुटल्या, तेव्हा भारतातही वेग मंदावला. म्हणून एकच संकेतस्थळ रेंगाळत असेल आणि बाकीची धावत असतील, तर राउटरला दोष देऊ नये.

कंपनीचा खरा अपराध ओळखण्याची खूण घड्याळात आहे. एका तंतूवरचे सुमारे अडीच गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, आणि पुढच्या मार्गावर तर अशा अनेक गल्ल्या एकत्र येतात. सकाळी सहाला आणि रात्री नऊला, दोन्ही वेळा केबल लावून, आठवडाभर वेग मोजावा आणि वहीत लिहावा. सकाळी ९४ आणि रात्री १५ असे रोज दिसले, तर गर्दी कंपनीच्या दारात आहे. त्याआधी आपल्या योजनेतला माहितीचा मासिक कोटा संपला नाही ना, हे पाहावे. तो संपल्यावर वेग उतरवण्याची अट करारातच असते. मग तक्रार नोंदवून तिचा क्रमांक मागून घ्यावा, वहीतले आकडे सोबत द्यावेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या विनियमांनी प्रत्येक कंपनीला तक्रार केंद्राच्या वर एक अपील प्राधिकारी ठेवणे बंधनकारक केले आहे. केंद्राने समाधान केले नाही तर तोच क्रमांक घेऊन त्याच्याकडे जाता येते, आणि त्यासाठी शुल्क पडत नाही.