बाजार पडतो तेव्हा
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या सभासदांसमोर केलेले भाषण)

23 मार्च 2020, सोमवार. सेन्सेक्स एका दिवसात 3,900 हून अधिक अंकांनी कोसळला. आम्हा सल्लागारांचे फोन थांबेनात. प्रश्न एकच, ‘सगळं काढून टाकू का?’

खरं सांगतो, बाजार कधी सावरेल हे त्या दिवशी कुणालाच ठाऊक नव्हतं. मी उलट विचारायचो, ‘काका, हे पैसे लागणार कधी?’ सहा महिन्यांवर मुलीचं लग्न असेल, तर ते पैसे शेअरमध्ये नकोतच. दहा वर्षं लागणार नसतील, तर घाई कशाला? त्या वेळी वर्षाच्या आतच बाजार वर आला. पण जानेवारी 2008 चा उच्चांक पुन्हा दिसायला जवळजवळ तीन वर्षं गेली होती. तेवढा दम आहे का, हे आधीच बघायचं.

आणि सल्लागाराला ‘तुमची कमाई कशातून?’ हे विचारायला लाजू नका. म्युच्युअल फंडाच्या वितरकाला फंडाकडून कमिशन मिळतं. सेबीकडे नोंदलेला सल्लागार फी तुमच्याकडून घेतो. फी द्यायला आपल्या जिवावर येतं. (कोथिंबीर फुकट मागायची सवय!) पण ते कमिशनही तुमच्याच गुंतवणुकीतून जातं. रेग्युलर आणि डायरेक्ट प्लॅनचा खर्च शेजारी ठेवून बघा. चहाच्या वेळी स्टेटमेंट आणा, मी इथेच आहे.