डोक्याची इजा, संप्रेरके आणि उपचारांचे अर्थकारण



केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशातील रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. जखमींची संख्या ४ लाख ४३ हजार ३६६ होती. डोक्याला मार लागूनही वाचलेल्यांचे पुढे काय होते, हा प्रश्न विकासाच्या चर्चेत क्वचितच येतो.

जखम भरते, रुग्ण घरी येतो. पण काही महिन्यांनी तो उदास, चिडखोर आणि सतत थकलेला दिसू लागतो. काम सुटते. घरचे त्यास धक्क्याचा परिणाम समजतात, शेजारी आळस म्हणतात. काही रुग्णांत मात्र कारण शरीरातच असते. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी नाजूक देठाला लटकलेली असते. आघाताने तो देठ वा त्यातील सूक्ष्म रक्तवाहिन्या दुखावल्यास कॉर्टिसॉल, थायरॉइड, लैंगिक संप्रेरके व वाढीचे संप्रेरक यांचे प्रमाण घटू शकते. मध्यम वा तीव्र इजेनंतर सुमारे एक चतुर्थांश रुग्णांत अशी कमतरता आढळल्याचे अनेक अभ्यास सांगतात. लक्षणे नैराश्यासारखीच असल्याने निदान हुकते.

उपचारांचा क्रमही महत्त्वाचा. कॉर्टिसॉलची उणीव असताना आधी थायरॉइडची गोळी दिल्यास जिवावर बेतू शकते. या दोन्ही गोळ्या स्वस्त आहेत. वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने महाग, आणि मनःस्थितीवरील त्यांच्या लाभाचा पुरावा तोकडा. इजेनंतर लगेच प्रोजेस्टेरॉन देण्याच्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्हींत लाभ दिसला नाही. उणीव भरून काढणे वेगळे आणि उणीव नसता संप्रेरक देणे वेगळे. (परीक्षेत हा फरक विचारला जाईलच असे नाही, धोरण आखताना तो हमखास विसरला जातो.)

मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्रीय योजनेनुसार अपघातग्रस्तास ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत रोकडरहित उपचार मिळतात. जीव वाचविण्यासाठी ही तरतूद मोलाची आहे. परंतु ही कमतरता ७ दिवसांत पुरती कळत नाही. काही महिन्यांनी पुन्हा रक्त तपासावे लागते. तोवर खर्चाचा भार बहुधा कुटुंबावर असतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ ने मानसिक आजारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा संरक्षण देणे बंधनकारक केले; तथापि बाह्यरुग्ण तपासण्या अनेक विमापत्रांत अंतर्भूतच नसतात.

रुग्णालयाच्या निरोपपत्रावर सहा महिन्यांनंतरच्या तपासणीची तारीख लिहिण्यास खर्च येत नाही. तपासणीचे पैसे कोणी द्यायचे, हे मात्र अर्थसंकल्पातच ठरवावे लागेल.