बांबोळीला निघण्याआधी

आपल्याकडे 'बांबोळीक न्हेला' म्हटलं की दुखणं मोठं, हे पोरांनाही कळतं. परदेशातले लोक हृदयाच्या स्वस्त ऑपरेशनसाठी भारतात येतात, आपण तारकर्लीहून गोव्यात जातो. २०१८ मध्ये तिथं परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लागलं, तेव्हा आपल्या जिल्ह्यात आंदोलन झालं.

म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, की होडी-जाळी विकायच्या आधी रेशनकार्ड, आधार घेऊन ओरोसच्या सरकारी रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठू या. महात्मा फुले योजनेत बायपास, झडपेची ऑपरेशनं बसतात. कुठल्या रुग्णालयात, ते तिथंच विचारायचं. अंगणवाडीच्या तपासणीत बाळाच्या हृदयाला छिद्र निघालं, तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ऑपरेशन मोफत होतं. घरातले म्हणतील, 'मोठं झाल्यावर बघू.' आपण थांबायचं नाही.

छातीत कळ आली तर मात्र कागद शोधत बसू नका, आधी १०८ लावा.