चीज, चोरीस आणि दोन ताटे

(सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या महिला शाखेपुढे दिलेल्या सप्रयोग व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय जाहीर झाल्यापासून गेले आठ दिवस मला दोन तऱ्हेचे दूरध्वनी येत आहेत. 'सुवर्णमहोत्सवी वर्षात पुरणपोळी सोडून हे भलतेच काय?' ही एक तऱ्हा. 'चाखायला मिळणार ना?' ही दुसरी. काही घरांतून दोन्ही दूरध्वनी आले, हेही नमूद करते.

पुरणपोळीला पाटावर बसणारा, हात धुऊन आलेला पाहुणा लागतो. कलकत्त्यात आपल्याकडे येणारे पाहुणे निरनिराळ्या प्रांतांचे, निरनिराळ्या वेळी येणारे आणि पहिला तासभर उभ्यानेच बोलणारे. एका हातात सरबताचा पेला असतो. मोकळा राहतो तो दुसरा हात. त्या हाताने उचलून एका घासात संपेल, बोटांना लागणार नाही आणि पुढच्या जेवणाची भूक मारणार नाही, असा पदार्थ हवा. मराठीत त्याला धड नाव नाही. 'क्षुधावर्धक' म्हटले की वैद्याची पुडी आठवते, आणि 'चखणा' म्हटले की पेल्यात सरबतच आहे ना, अशी शंका येते. मी नावाच्या भानगडीत पडत नाही.

चीज काय किंवा खारवलेले मांस काय, दोन्ही मूळची टिकवण्याची साधने. मीठ दुधातले व मांसातले पाणी ओढून घेते, आणि पाणी कमी झाले की नासविणाऱ्या जंतूंचे फावत नाही. आपल्या कोकणातला खारा बांगडा आणि सुका बोंबील ह्याच शास्त्रावर टिकतात. ह्याचा अर्थ, पदार्थ आपल्या हाती येतो तो पुरेसा मीठ खाऊनच. तरीही आपण सवयीने चिमूटभर घालतो आणि पाहुणे रात्रभर पाणी मागत बसतात. तेव्हा आज ओट्यावर मिठाची बरणी ठेवलेलीच नाही. आपले काम मीठ घालण्याचे नसून असलेले मीठ सांभाळून घेण्याचे आहे. त्यासाठी काहीतरी आंबट, काहीतरी फिके आणि थोडे गोड सोबतीला द्यावे. चीजच्या चौकोनाला अननसाची फोड टोचण्याची जुनी चाल ह्याच कारणाने टिकली आहे. तिला हसू नये.

आता बाजारात चलू. १८७४ साली उघडलेल्या न्यू मार्केटात पेढ्याएवढ्या गोल, चपट्या चकत्या मिळतात, काही पांढऱ्या, काही धुरी दिल्यामुळे तपकिरी. हे बंडेल चीज. हुगळीकाठच्या बंडेलचे नाव ते वागवते. तिथे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ठाणे केले, आणि १६३२ साली शहाजहानच्या फौजेने ते हुगळी जिंकून घेतली. ठाणे गेले, चीज राहिले. मी प्रथम ते आणले तेव्हा सरळ तोंडात टाकले आणि मिठाचा खडाच चावल्यासारखे झाले. दुकानदार हसून म्हणाला, 'दिदी, ओके जले राखून.' तो खरे सांगत होता. चकत्या रात्रभर पाण्यात ठेवाव्यात, पाणी एकदा बदलावे, सकाळी कोरड्या फडक्यात टिपाव्यात.

हे चीज आपल्या पनीरसारखे आंबट घालून फाडलेल्या दुधाचे असते. म्हणून ते कितीही तापवले तरी वितळत नाही, तार सुटत नाही. पावावर घालून भट्टीत ठेवाल तर फक्त वाळेल. ते हाताने कुस्करावे. चार चकत्यांना वाटीभर चक्का घ्यावा (होय, श्रीखंडाचाच, साखर घालण्यापूर्वीचा), त्यात एक हिरवी मिरची, मूठभर कोथिंबीर आणि मिरपूड घालून काकडीच्या जाड चकतीवर चमचाभर ठेवावा. धुरी दिलेल्या चीजचा वास चक्क्यात असा उतरतो की माझ्या बंगाली शेजारणीने हा पदार्थ आमच्या पुण्याचा समजून लिहून घेतला. मी दुरुस्ती केली नाही.

बाजारात सर्वत्र मिळणारे डब्यातले चीज निराळे. ते चीज वितळवून, त्यात क्षार घालून पुन्हा घट्ट केलेले असते. त्या क्षारांमुळे तापल्यावर त्यातले तूप वेगळे होत नाही. म्हणून सारणाला आणि पिठात मळायला ते उत्तम. शाकाहारी घरांसाठी एक सावधगिरी: काही चीजांचे दूध वासराच्या जठरातील रेनेटने विरजलेले असते. वेष्टनावरचा हिरवा ठिपका पाहिल्याशिवाय घेऊ नये.

आता चोरीस. माझे माहेर म्हापशाचे. तिथल्या शुक्रवारच्या बाजारात लाल मण्यांच्या माळा टांगलेल्या असत. लहानपणी मला त्या खरोखरच माळा वाटत. डुकराच्या मांसाचे तुकडे मीठ लावून दाबून ठेवायचे, मग मिरची, लसूण, मिरी, लवंग, दालचिनी माडाच्या व्हिनेगरात वाटून त्यात मुरवायचे, वरून फेणी, आणि आतड्यात भरून उन्हात व चुलीवरच्या धुरात वाळवायचे. हे सगळे पाऊस लागण्यापूर्वी, कारण मग समुद्र बंद आणि मासळीची वाट पाहणे आले. आमच्या घरात हे शिजत नसे. मी ते शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबात खायला शिकले. आईला ठाऊक होते. तिने कधी विचारले नाही, मी कधी सांगितले नाही.

एक गोष्ट मात्र बजावून सांगते. विलायती सलामीसारखी चोरीस कापून तशीच ताटात मांडू नका. ती कच्ची असते. पाव किलो चोरीस घ्या, सालपट काढा, अर्धी वाटी पाणी घालून मंद आचेवर झाकून वीस-पंचवीस मिनिटे शिजवा. तिची चरबी सुटली की त्यातच दोन कांदे आणि बटाट्याच्या बारीक फोडी टाका. बटाटा मीठ आणि चरबी दोन्ही पितो. तिखट जास्त वाटले तर आणखी एक बटाटा घाला. मग छोट्या पावाचे चार तुकडे करून मध्ये चमचाभर सारण भरा आणि काडी टोचा. आपला पाव आणि इथली पाउरुटी, दोन्ही नावे एकाच पोर्तुगीज शब्दापासून आली आहेत. चोरीस पश्चिम किनाऱ्यावरून, चीज पूर्वेच्या नदीकाठचे. माझ्या ताटात त्यांची गाठ पडते.

इथे दुसरी एक हकीकत सांगायला हवी. मी लग्न होऊन १९८१ साली कलकत्त्यास आले. दोन वर्षांनी मंडळाच्या दिवाळी संमेलनाला मी हौसेने तळलेले गोळे केले होते, बटाटा आणि चीज घालून. अर्ध्यांत गाजराचे बारीक तुकडे, अर्ध्यांत हॅमचे. वरून दोन्ही सारखे सोनेरी. ताटे मात्र मी वेगळी केली होती. गर्दीत कोणी दोन्ही ताटे एकत्र केली हे आजवर कळले नाही, आणि ते शोधण्यात अर्थही नाही. तसे होऊ शकेल असा पदार्थ मीच केला होता.

आपल्यातल्या एका वयस्क काकूंनी एक गोळा उचलला. जन्मात मांस न शिवलेल्या त्या बाई. अर्धा खाल्ल्यावर त्या थांबल्या, उरलेला अर्धा रुमालात ठेवला, शांतपणे उठून चूळ भरून आल्या आणि पूर्ण कार्यक्रमभर पुढच्या रांगेत बसून राहिल्या. नाट्यगीतांना टाळ्याही दिल्या. मला त्या दिवशी भूमी दुभंगली असती तर बरे वाटले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेले. पाय धरू लागले तर त्यांनी हात धरला. म्हणाल्या, "अगं, तू मला वाईट काही दिलं नाहीस. पण मला न विचारता दिलंस, एवढंच." नंतर त्यांनी चहा केला. मला तो घशाखाली उतरेना. आईने कधीच न विचारलेला प्रश्न मला त्या स्वयंपाकघरात आठवत होता.

त्यानंतर मी मांस कधीही पदार्थाच्या पोटात लपवलेले नाही. ते वर दिसले पाहिजे. चोरीस लालभडक तेलातून ओरडून सांगते, म्हणून ती चालते; हॅम असेल तर त्याची वळकटी पदार्थाच्या माथ्यावर बसवावी. तळलेल्या गोळ्यांत फक्त भाज्या. सामिष जिन्नस चिनी मातीच्या बशांत, शाकाहारी पितळी ताटात केळीच्या पानावर, हा काकूंचाच सल्ला. 'डोळे अधू झाले तरी पितळ आणि चिनी माती हाताला कळते,' असे त्या म्हणाल्या. सुऱ्या, फळ्या आणि तळणीचे तेल वेगळे; शेजारी मुसलमान पाहुणे असतील तर डुकराचे काही ठेवूच नये, किंवा त्याची बशी अगदी निराळ्या मेजावर ठेवून तोंडाने सांगावे. आणि ताटे एकत्र करायला उत्सुक असलेल्या मदतनिसाला आधीच दुसरे काम द्यावे.

किती करावे, हेही विचारतात. पुढे जेवण असेल तर माणशी पाच-सहा तुकडे पुरेत. हे सणावाराचे खाणे आहे. २०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने खारवलेले व धुरावलेले मांस कर्करोगास कारण होणाऱ्या पदार्थांत घातले, तेव्हापासून आमच्या घरी चोरीस वर्षातून दोनदाच येते.

पुढच्या दिवाळीला काकूंनी स्वतः होऊन शाकाहारी ताट मागून घेतले आणि पुढे अकरा वर्षे सांभाळले. चीजच्या काड्या त्यांच्याच हातच्या. दोन वाट्या मैद्यात पाऊण वाटी थंड लोणी चोळायचे, वाटीभर किसलेले चीज, चिमूटभर मोहरीपूड आणि लाल तिखट. थंड पाण्याच्या हबक्याने घट्ट गोळा, अर्धा तास शीतकपाटात, मग लाटून पट्ट्या कापायच्या आणि १८० अंशांवर बारा ते पंधरा मिनिटे भाजायच्या. पाककृतीच्या पुस्तकात सुरीने कापा असे लिहिलेले असते. काकू शंकरपाळ्यांचे कातण फिरवीत, म्हणून त्यांच्या काड्यांना दोन्ही कडांनी नागमोडी झालर असे. मुलाकडे नाशिकला राहायला जाताना ते कातण त्यांनी मला दिले. आज ते आणले आहे. मूठ जरा सैल झाली आहे, तेव्हा जपून वापरा.

गोळा तयार आहे, भट्टी तापली असेल. पहिल्या रांगेतल्या दोघींनी पुढे यावे.