दिसणारी मुद्रा, न दिसणारी खूण

अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ आलं की रचना कोणाची हे विचारावं लागत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनीही आपल्या मराठी अभंगांत आपलं नाव असंच गुंफलं. गझलेच्या शेवटच्या शेरात शायर आपला तखल्लुस घालतो. ही झाली दिसणारी मुद्रा. पण जे दिसतं ते उचलता येतं. तुकोबांच्या नावावर इतरांनी इतकं खपवलं, की अस्सल कोणतं हे ठरवताना अभ्यासकांची दमछाक होते. उलटही घडतं. माझी एक कविता मोबाईलवरून गावभर हिंडून मलाच येऊन पोचली, तेव्हा तिच्याखाली भलत्याच गृहस्थांचं नाव होतं. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मागे लागला आहे : कापता येणार नाही असं नाव रचनेत घालता येतं का?

कागदात घालता येतं. इटलीतल्या फाब्रिआनोच्या कागदवाल्यांनी तेराव्या शतकातच ते साधलं. लगदा गाळायच्या जाळीवर तारेची आकृती बसवायची. तारेपाशी थर पातळ बसतो आणि कागद उजेडाकडे धरला की आकृती दिसते. आपल्या नोटेतले गांधीजी दिसतात तेही अशाच जाड-पातळपणामुळे. हे जलचिन्ह, म्हणजे वॉटरमार्क. ते कागदावर नसतं, कागदात असतं.

संगणकावरच्या चित्रात लगदा नाही, आकडे आहेत. चित्र म्हणजे बारीक ठिपके. प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरवा, निळा किती, हे ० ते २५५ मधल्या तीन आकड्यांनी लिहिलेलं असतं. २०० चा २०१ केला तर डोळ्याला काही कळत नाही. मग सम आकडा म्हणजे शून्य आणि विषम म्हणजे एक, असं ठरवलं तर? दहा लाख ठिपक्यांच्या फोटोत असे तीस लाख शून्य-एक मावतात. रूढ यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एका चिन्हाला चोवीस लागतात. म्हणजे सव्वा लाख चिन्हं! एका आंब्याच्या फोटोत माझे सगळे कवितासंग्रह बसतील आणि आंबा तसाच पिवळा राहील.

मात्र हा निरोप फार नाजूक. मोबाईलवरून पुढे धाडताना फोटो दाबून लहान केला जातो आणि हेच बारकावे आधी पुसले जातात. गुपित पोचवायला युक्ती ठीक, मालकी राखायला नाही. म्हणून १९९७ मध्ये इंगमार कॉक्स आणि सहकाऱ्यांनी उलटी वाट सुचवली : खूण आडोशाला लपवू नका, चित्राच्या सर्वांत महत्त्वाच्या भागांतच थोडी थोडी पसरा. कणकेत मीठ मळावं तशी. ती काढायची तर चित्रच बिघडवावं लागतं.

आता मजकुराकडे येऊ. ट्रकवर, दुकानावर ७८६ हा आकडा आपण सर्वांनी पाहिला असेल. अबजद पद्धतीत अरबी अक्षरांना किमती आहेत आणि ‘बिस्मिल्लाह’ने सुरू होणाऱ्या पूर्ण वाक्याची बेरीज ७८६ धरली जाते. याच हिशेबाने फारसी-उर्दू कवी एखाद्याच्या निधनाचं साल ओळीत दडवत. तेव्हा शब्दांत आकडा लपवणं आम्हा कवींना काही नवं नाही.

मराठीत तर संगणकानेच सोय करून ठेवली आहे. ‘दुसऱ्या’ हा शब्द घ्या. त्यात ‘य’ला डावीकडून चिकटलेला वाकडा र दोन प्रकारे लिहिता येतो : एक नुक्त्याच्या ‘ऱ’चा पाय मोडून, दुसरा साध्या ‘र’चा पाय मोडून त्यापुढे रुंदीच नसलेलं एक अदृश्य जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. फरक फक्त संगणकाला ठाऊक. कवितेत असे आठ शब्द असले, तर २५६ जणांना २५६ वेगळ्या प्रती देता येतील आणि कोणाची प्रत बाहेर फुटली ते कळेल. वाऱ्यावर आणि डोंगरदऱ्यांवर लिहिणाऱ्या कवीची चंगळच! अर्थात कोणी हाताने पुन्हा टाइप केली, की संपलं.

पण राखणदार खूण चहाडखोरही होते. अनेक रंगीत लेसर प्रिंटर प्रत्येक पानावर नजरेला न दिसणारे पिवळे ठिपके छापतात. २००५ मध्ये अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनने त्यांतले काही ठिपके उलगडले, तेव्हा त्यांत यंत्राचा क्रमांक, तारीख आणि वेळ निघाली. जून २०१७ मध्ये तिथल्या एका गुप्त अहवालाची प्रत उघड झाली. तिच्यावरच्या ठिपक्यांतून जाणकारांनी ९ मे २०१७ ही छपाईची तारीख वाचून दाखवली. बनावट नोटांना आळा बसावा हा हेतू मान्य. पण माझ्याच पानावर, मला न विचारता, माझ्याविरुद्धची साक्ष छापून ठेवावी, हे मला पटत नाही.

आणि आता यंत्रच लिहू लागलं आहे. गूगल डीपमाइंडने २०२३ मध्ये यंत्राने काढलेल्या चित्रांसाठी ‘सिंथआयडी’ आणलं. मजकुरासाठीच्या पद्धतीचा निबंध ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये आला. पुढचा शब्द निवडताना यंत्र एका गुप्त किल्लीनुसार काही शब्दांकडे जरासं झुकतं. ‘पाऊस’ की ‘सर’, एवढाच तो कल. एका शब्दावरून काही कळत नाही, पुष्कळ शब्दांचा कल मोजला की छाप उमटते. मजकूर दुसऱ्या भाषेत नेला किंवा पुरता बदलून लिहिला, की ती पुसट होते. शिवाय मोजायला मजकूर लांबलचक लागतो; चार ओळींच्या कवितेत तेवढे शब्दच नसतात. म्हणून मी हल्ली नाव खाली लिहीत नाही, शेवटच्या ओळीतच वृत्तात बसवतो. कापणाऱ्याला निदान मात्रा तरी मोजाव्या लागतील.